कंत्राटी हेर : रॉबर्ट लेव्हिन्सन प्रकरण

रॉबर्ट लेव्हिन्सन हे फ्लोरिडात राहणारे खासगी गुप्तहेर 8 मार्च 2007 रोजी दुबईहून विमानाने इराणच्या किश बेटावर उतरले आणि दुसऱ्या दिवशी बेपत्ता झाले. 10 मार्चला त्यांना 59 वर्षे पूर्ण होणार होती. सिगारेटच्या तस्करीचा तपास करायला ते खासगी कामानिमित्त तिकडे गेले होते, असे अमेरिकी सरकार पुढची जवळजवळ सात वर्षे सांगत राहिले. हा माणूस कुठे आहे हे आपल्याला ठाऊक नाही, असे इराण म्हणत राहिला. प्रत्यक्षात लेव्हिन्सन यांच्याकडे अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेचे कंत्राट होते. ते कंत्राट ज्या अधिकाऱ्यांनी दिले, त्यांना परदेशात हेर पाठवण्याचा अधिकारच नव्हता. खासगी तपासाचा धंदा आणि सरकारी हेरगिरी यांच्या सीमारेषेवर काम करणाऱ्या माणसाची काय गत होऊ शकते, याचे आधुनिक काळातले सर्वांत सविस्तर नोंदले गेलेले उदाहरण म्हणून या प्रकरणाकडे पाहावे लागते.

लेव्हिन्सन यांची सरकारी नोकरी 28 वर्षांची. पहिली सहा वर्षे अमली पदार्थविरोधी खात्यात, म्हणजे डीईएत, आणि पुढची 22 एफबीआयमध्ये. सोव्हिएत संघ कोसळल्यावर रशियन माफियांचा पैसा न्यूयॉर्क आणि मायामीत येऊ लागला, तेव्हा त्या टोळ्यांचा माग काढणाऱ्या जाणकारांत त्यांचे नाव घेतले जाई. कागदपत्रांत डोके खुपसून बसण्यापेक्षा माणसांना बोलते करण्यात त्यांचा हातखंडा होता. धिप्पाड अंगाचा, गप्पिष्ट, समोरच्याला पटकन आपलेसे करणारा हा माणूस खबरे जोडायचा आणि वर्षानुवर्षे टिकवायचा. 1998 मध्ये ते निवृत्त झाले. सात मुलांचे कुटुंब होते, शिक्षणाचे खर्च होते. एफबीआयमधून बाहेर पडलेले अनेक अधिकारी जो रस्ता धरतात, तोच त्यांनी धरला आणि खासगी तपासाचे काम सुरू केले.

खासगी गुप्तहेर म्हटले की मराठी वाचकाला रहस्यकथांतला चतुर नायक आठवतो. कंपन्यांसाठी काम करणाऱ्या गुप्तहेराचे रोजचे काम त्याहून बरेच रूक्ष असते. आपल्या ब्रँडचा बनावट माल कोण बनवतो, कर चुकवून सिगारेटचे कंटेनर कोणत्या बंदरातून निघतात, होऊ घातलेल्या भागीदाराचा पैसा मुळात कुठून आला, अशा प्रश्नांची उत्तरे शोधून अहवाल द्यायचा आणि बिल लावायचे. या माणसाला अटकेचा अधिकार नसतो, झडतीचा नसतो. त्याचे भांडवल म्हणजे ओळखी. पोलिसांतले जुने सहकारी, पत्रकार, वकील, सुटून आलेले गुन्हेगार, दुसऱ्या देशांतले निवृत्त अधिकारी या सगळ्यांशी त्याला संबंध राखावे लागतात आणि एका गिऱ्हाइकाच्या कामात मिळालेली माहिती दुसऱ्याच्या कामी येते. उत्पन्न मात्र अनिश्चित. आज काम आहे, उद्या असेल याची खात्री नाही. ओळखींचे हे जाळे आणि मिळकतीची ही अनिश्चितता, या दोन्हींमुळे असा माणूस गुप्तचर संस्थांना सोयीचा वाटतो.

सीआयएत त्या काळी कामाची ठळक विभागणी होती. एका शाखेतले अधिकारी परदेशांत हस्तक नेमतात, त्यांना भेटतात, पैसे पुरवतात आणि वेळ आली तर बाहेर काढतात. दुसऱ्या शाखेतले विश्लेषक वॉशिंग्टनजवळच्या लँग्ली येथील मुख्यालयात बसून आलेल्या माहितीचा अर्थ लावतात. विश्लेषकांना बाहेरच्या तज्ज्ञांकडून अभ्यासपर टिपणे लिहून घ्यायची मुभा असते आणि त्यासाठी कंत्राटे दिली जातात. पण त्या तज्ज्ञाला परदेशात खबऱ्यांच्या भेटी घ्यायला धाडणे हे त्यांचे काम नव्हे. हा नियम म्हणजे नुसती कागदी शिस्त नव्हती. इराणसारख्या देशात माणूस पाठवायचा तर त्याची बनावट ओळख कितपत टिकेल हे आधी तपासावे लागते. तो ज्याला भेटणार तो खबऱ्या शत्रूच्या हातचा तर नाही याची छाननी करावी लागते, आणि तो ठरल्या वेळी परतला नाही तर काय करायचे, हेही आधी ठरवून ठेवावे लागते. हे सगळे जाणणारी माणसे पहिल्या शाखेत होती, आणि लेव्हिन्सन यांचे काम दुसऱ्या शाखेकडे होते.

बेकायदा पैशांचा माग ठेवणाऱ्या विश्लेषकांच्या गटात ॲन जॅब्लॉन्स्की या अनुभवी अधिकारी होत्या. रशियन गुन्हेगारीच्या विषयामुळे 1990 च्या दशकापासून त्यांची आणि लेव्हिन्सन यांची ओळख होती आणि पुढे तिची मैत्री झाली. 2006 च्या जूनमध्ये लेव्हिन्सन यांना 85,000 डॉलरचे कंत्राट मिळाले. कागदावर काम होते अहवाल लिहिण्याचे. पण त्यांनी पाठवलेला मजकूर अभ्यासकाच्या टिपणांसारखा नव्हता. कोलंबियातले बंडखोर, व्हेनेझुएलातील ह्यूगो चावेझ यांचे सरकार, हिजबुल्लाचे परदेशांतील व्यवहार, इराणचा अणुकार्यक्रम अशा विषयांवर थेट माणसांकडून काढलेली माहिती त्यात असे. खबऱ्यांना भेटण्यासाठी ते तुर्कस्तान आणि कॅनडापर्यंत गेले होते. विश्लेषक खूश होते. माहिती कुठून आणि कशी येते, हे विचारण्याची गरज तिथे कोणाला वाटली नाही, आणि या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक इथेच झाली.

पुढे चौकशीत जे बाहेर आले त्यातला एक साधा तपशील फार बोलका आहे. अहवालांची पाकिटे सीआयएच्या कार्यालयाकडे न पाठवता जॅब्लॉन्स्की यांच्या घरी पाठवली जात. दोघांचा बराचसा संवाद खासगी ईमेलवरून चाले. कार्यालयातल्या नोंदींत त्यामुळे या कामाचे खरे स्वरूप उमटलेच नाही. 2007 च्या सुरुवातीला कंत्राटाचे पैसे संपत आले होते. नव्या, 1,20,000 डॉलरच्या कंत्राटाची कागदपत्रे तयार होत होती, पण मंजुरी मिळायची होती. फेब्रुवारीत लेव्हिन्सन यांनी दुबईला जाणार असल्याचे कळवले आणि तिथून एका जास्तीच्या फेरीसाठी पैसे मिळतील का, अशी विचारणा केली. जादा पैशांची ही गोष्ट आपल्यापुरतीच ठेवलेली बरी, अशा अर्थाचे उत्तर जॅब्लॉन्स्की यांनी ईमेलने दिले. लेव्हिन्सन इराणमध्ये जाणार आहेत हे आपल्याला ठाऊक नव्हते, आणि आपल्या गटातले कोणीही हेरगिरीची मोहीम चालवत नव्हते, असे त्यांनी नंतर ठामपणे सांगितले. लेव्हिन्सन यांची समजूत मात्र वेगळी असावी. इराणमधून काही भरीव हाती लागले तर रखडलेले कंत्राट मार्गी लागेल, असा हिशेब कोणत्याही कंत्राटी माणसाच्या मनात आला असता.

किशवर ते ज्याला भेटायला गेले, त्या माणसाची कहाणी चित्रपटात शोभावी अशी आहे आणि तो खरोखर एका चित्रपटात होताही. डेव्हिड बेलफील्ड हा न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमध्ये वाढलेला कृष्णवर्णीय अमेरिकी तरुण. त्याने इस्लाम स्वीकारला, दाऊद सलाहुद्दीन हे नाव घेतले आणि इराणच्या क्रांतीने तो भारावून गेला. 22 जुलै 1980 रोजी टपालवाल्याचा गणवेश चढवून तो वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा गावातील एका घराच्या दारात गेला. दार उघडणारे गृहस्थ होते अली अकबर तबातबाई. शहाच्या राजवटीत वॉशिंग्टनच्या इराणी दूतावासात ते अधिकारी होते आणि क्रांतीनंतर खोमेनींच्या विरोधकांना एकत्र आणत होते. सलाहुद्दीनने त्यांना गोळ्या घातल्या आणि जिनिव्हामार्गे तेहरान गाठले. तिथेच तो स्थायिक झाला. मोहसेन मखमलबाफ यांच्या 2001 च्या ‘कंदहार’ चित्रपटात हसन तांताई या नावाने डॉक्टरची भूमिका करणारा नट तो हाच. हा चित्रपट फिल्म सोसायटीत पाहिलेल्या आपल्याकडच्या प्रेक्षकांपैकी फार थोड्यांना पडद्यावरचा माणूस कोण आहे याची कल्पना असेल.

सलाहुद्दीनचे इराणी राज्यकर्त्यांशी जुने संबंध होते आणि काही काळापासून तो त्यांच्यावर नाराज असल्याचे बोलत होता. त्याच्याशी लेव्हिन्सन यांचा संपर्क जुळला तो आयरा सिल्व्हरमन या निवृत्त वृत्तवाहिनी-पत्रकाराच्या ओळखीतून. सिल्व्हरमन यांनी 2002 मध्ये सलाहुद्दीनवर दीर्घ लेख लिहिला होता. हा माणूस इराणमधल्या बड्या असामींच्या पैशांच्या वाटा दाखवू शकेल, असे लेव्हिन्सन यांना वाटले. गुन्हेगाराला खबऱ्या बनवणे हे एफबीआयतल्या माणसाच्या अंगवळणी पडलेले काम. पण मायामीत खबऱ्याला भेटताना पाठीशी अख्खे खाते असते. इराणमध्ये ज्याचे जगणे-मरणे इराणी सुरक्षा यंत्रणेच्या मर्जीवर अवलंबून, अशा माणसाला त्यांनी एकट्याने गाठायचे ठरवले.

किश हे इराणच्या दक्षिण किनाऱ्यालगतचे सुमारे 90 चौरस किलोमीटरचे बेट. मुक्त व्यापारक्षेत्र असल्याने तिथे उतरायला आधी व्हिसा काढावा लागत नसे आणि ही सवलत अमेरिकी पारपत्रधारकांनाही होती. दुबईत नोकरीला गेलेल्या भारतीयांनाही हे बेट परिचयाचे होते. ‘व्हिजिट’वर गेलेल्या माणसाला कामाचा व्हिसा मिळेपर्यंत अमिरातीबाहेर जावे लागे, आणि त्यासाठीचे एक जवळचे ठिकाण म्हणजे किश. तिथल्या हॉटेलांत भारतीय आणि फिलिपिनो कामगार कागद येण्याची वाट पाहत दिवस काढत. परक्या माणसाकडे कोणाचे लक्ष जाऊ नये असेच हे ठिकाण. जमीन मात्र इराणचीच होती आणि तिथे इराणी गुप्तचरांची नजर असणे स्वाभाविक होते.

वेळही वाईट निवडली गेली. 2007 च्या जानेवारीत अमेरिकी सैन्याने इराकमधील एर्बिल शहरात छापा घालून पाच इराणींना ताब्यात घेतले होते. फेब्रुवारीत इराणचे माजी उपसंरक्षणमंत्री अली रझा असगरी इस्तंबूलमधून गायब झाले आणि ते पश्चिमी देशांना जाऊन मिळाल्याची चर्चा सुरू झाली. 23 मार्चला इराणने 15 ब्रिटिश नौसैनिक पकडले. अशा दिवसांत एफबीआयचा एक माजी अधिकारी आपण होऊन इराणच्या भूमीवर उतरला.

लेव्हिन्सन मरियम नावाच्या हॉटेलात उतरले. सलाहुद्दीनही तिथेच आला आणि दोघे बराच वेळ बोलत बसले. सलाहुद्दीनने नंतर सांगितल्याप्रमाणे, साध्या वेशातले अधिकारी आले आणि पारपत्राची चौकशी करायची म्हणून त्याला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी तो सुटला तेव्हा लेव्हिन्सन दुबईला परत गेल्याचे त्याला सांगण्यात आले. ते दुबईला पोहोचलेच नाहीत. त्या डिसेंबरमध्ये लेव्हिन्सन यांच्या पत्नी ख्रिस्टीन मोठ्या मुलाला घेऊन किशला गेल्या. हॉटेलच्या नोंदवहीत खोली सोडताना केलेली सही त्यांनी पाहिली, आणि ती नवऱ्याचीच होती. माणूस हॉटेलातून रीतसर बाहेर पडला एवढाच पुरावा त्या वहीत उरला होता.

4 एप्रिल 2007 रोजी इराणच्या सरकारी ‘प्रेस टीव्ही’ने एक बातमी दिली होती. लेव्हिन्सन 9 मार्चच्या पहाटेपासून इराणी सुरक्षा दलांच्या ताब्यात आहेत आणि काही दिवसांत सुटतील, असा तिचा आशय होता. पुढे इराणी सरकारने कधीही या बातमीची जबाबदारी घेतली नाही. लेव्हिन्सन कुठे होते याविषयी इराणच्या बाजूने आलेले इतके थेट विधान दुसरे नाही, म्हणून त्याचे महत्त्व मोठे.

अमेरिकेत सीआयएने सुरुवातीला सिनेटच्या गुप्तचर समितीला सांगितले ते असे, की लेव्हिन्सन यांनी पूर्वी काही किरकोळ काम केले होते, पण या प्रवासाशी संस्थेचा संबंध नाही. हे म्हणणे कोसळले ते पेन्साकोलाच्या एका वकिली कार्यालयात. डेव्हिड मॅकगी हे माजी सरकारी वकील लेव्हिन्सन यांचे मित्र होते. त्यांच्या सहायक बाईंनी लेव्हिन्सन यांची ईमेल खाती उघडण्यात यश मिळवले आणि जॅब्लॉन्स्की यांच्याशी झालेला पत्रव्यवहार, अहवाल, पैशांची बोलणी असे सगळे समोर आले. ती कागदपत्रे फ्लोरिडाचे सिनेटर बिल नेल्सन यांच्यामार्फत समितीपर्यंत पोहोचली. सीआयएला अंतर्गत चौकशी करावी लागली. जॅब्लॉन्स्की यांच्यासह तिघांना नोकरी सोडावी लागली आणि आणखी सात जणांवर शिस्तभंगाची कारवाई झाली. कुटुंबाला नव्या कंत्राटाचे 1,20,000 डॉलर आणि 25 लाख डॉलरची वार्षिकी देण्यात आली. न्यायालयात दावा गेला असता तर सगळे चव्हाट्यावर आले असते, आणि ते टाळणे हा या रकमेमागचा एक हेतू होता.

लोकांना यातले काहीच कळले नाही. ‘असोसिएटेड प्रेस’ (एपी) आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दोघांच्याही वार्ताहरांना खरी हकीकत आधीपासून माहीत होती. ती छापली तर लेव्हिन्सन यांच्या जिवाला धोका होईल, असे सरकारने सांगितले आणि एपीने तीनदा बातमी थांबवली. अखेर 12 डिसेंबर 2013 रोजी ती प्रसिद्ध झाली. व्हाइट हाउसचे उत्तर ठरलेले होते : बेपत्ता झाले तेव्हा लेव्हिन्सन सरकारी कर्मचारी नव्हते. हे विधान अक्षरशः खरे होते. कंत्राटदार हा कर्मचारी नसतो. या एका कायदेशीर फरकामुळे ज्या सरकारसाठी तो माणूस माहिती गोळा करत होता, त्या सरकारला त्याला नाकारता आले, आणि दुसऱ्या बाजूला असा कोणी अधिकृत हेर नाहीच म्हटल्यावर अदलाबदलीची बोलणी करायला इराणलाही कारण उरले नाही. बातमी दडवण्यामागे जीव वाचवण्याचा हेतू खरा असेलही. पण त्या मौनाने सीआयएची अब्रू राखली आणि लेव्हिन्सन यांची सुटका एका दिवसानेही जवळ आणली नाही, हे नोंदवलेच पाहिजे.

दरम्यान कुटुंबाकडे जिवंतपणाचा पुरावा दोनदा आला. 2010 च्या नोव्हेंबरमध्ये ईमेलने एक छोटी चित्रफीत आली. तीत लेव्हिन्सन एका खडबडीत भिंतीसमोर बसलेले दिसतात, गाल आत गेलेले, अंगातला सदरा सैल झालेला. आपल्याला साडेतीन वर्षे डांबले आहे, तब्येत ठीक नाही, मधुमेहाची औषधे झपाट्याने संपत आहेत आणि सरकारने मदत करावी, असे ते सांगतात. मागे पश्तू लग्नातले वाटणारे संगीत ऐकू येते. पुढच्या एप्रिलमध्ये काही छायाचित्रे आली. त्यांत दाढी-केस वाढलेले लेव्हिन्सन ग्वांतानामोतील अमेरिकी तुरुंगातल्या कैद्यांसारख्या नारिंगी कपड्यांत हातात फलक धरून उभे आहेत, आणि एका फलकावर ग्वांतानामोचा उल्लेखही आहे. ईमेलचा माग पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या दिशेने जात होता. त्यामुळे त्यांना कोण्या अतिरेकी टोळीने ठेवले असावे, असा समज काही काळ पसरला. पण ज्या सफाईने पाठवणाऱ्यांनी आपल्या खुणा पुसल्या होत्या, त्यावरून हे काम एखाद्या सरकारी गुप्तचर यंत्रणेचे असावे, असे मत अमेरिकी तपास अधिकाऱ्यांत बळावत गेले. पैशांची किंवा कैद्यांची ठोस मागणी घेऊन बोलणी करायला मात्र कोणी पुढे आले नाही.

अमेरिका आणि इराण यांचे राजनैतिक संबंध 1980 पासून तुटलेले आहेत. तेहरानमध्ये अमेरिकेच्या वतीने स्वित्झर्लंडचा दूतावास काम पाहतो. परदेशात पकडल्या गेलेल्या नागरिकाला आपल्या दूतावासाशी संपर्क साधू द्यावा, असे 1963 चा व्हिएन्ना करार सांगतो. पण पकडलेच नाही असे पकडणारा म्हणत असेल, तर हे कलम लावायचे कसे? 2016 च्या जानेवारीत दोन्ही देशांत कैद्यांची अदलाबदल झाली आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे पत्रकार जेसन रेझायान यांच्यासह काही अमेरिकी सुटले. लेव्हिन्सन त्यांत नव्हते. कुटुंबाला हे बातम्यांमधून कळले. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये इराणने संयुक्त राष्ट्रांच्या एका कार्यगटाला त्यांच्याविषयी तेहरानच्या क्रांती न्यायालयात एक प्रकरण चालू असल्याचे कळवले. थोडी आशा निर्माण झाली, पण ती केवळ बेपत्ता व्यक्तीची नोंद असल्याचा खुलासा लगेच आला.

25 मार्च 2020 रोजी कुटुंबाने निवेदन काढले. अमेरिकी अधिकाऱ्यांकडून मिळालेल्या माहितीवरून लेव्हिन्सन यांचा इराणच्या कैदेत मृत्यू झाल्याचा निष्कर्ष त्यांना मान्य करावा लागत होता. मृत्यू कधी, कुठे, कशाने झाला हे सांगता येत नव्हते. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश टिमोथी केली यांनी इराणला जबाबदार धरले आणि ऑक्टोबरमध्ये कुटुंबाला सुमारे 145 कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. इराण न्यायालयात हजरच झाला नव्हता. डिसेंबरमध्ये अमेरिकी वित्त खात्याने मोहम्मद बसेरी आणि अहमद खझाई या इराणी गुप्तचर खात्याच्या दोन अधिकाऱ्यांवर निर्बंध घातले. अपहरणासाठी इराणी अधिकाऱ्यांची नावे अमेरिकेने जाहीरपणे घेतली ती 13 वर्षांनी.

त्या डिसेंबरच्या अखेरीस लेव्हिन्सन यांच्या नावाचा कायदाही झाला. परदेशी सरकारने अमेरिकी नागरिकाला अन्यायाने डांबले आहे हे कोणत्या निकषांवर ठरवायचे, हे त्यात लिहिले गेले. ओलिसांच्या सुटकेसाठी राष्ट्राध्यक्षांचा विशेष दूत 2015 पासून नेमला जात होता, त्या पदाला कायद्याचा आधार मिळाला. ओलीस धरणाऱ्यांवर निर्बंध घालण्याची तरतूदही झाली. पुढे 9 मार्च हा दिवस ओलिसांच्या आणि अन्यायाने डांबलेल्यांच्या स्मरणार्थ अमेरिकेत अधिकृतपणे पाळायचे ठरले. कंत्राटी माणूस गुप्तचर कामात अडकला तर त्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला मात्र हा कायदा हात घालत नाही. माहिती देणाऱ्यासाठी एफबीआयचे 50 लाख आणि परराष्ट्र खात्याचे 2 कोटी डॉलरचे इनाम जाहीर झाले होते. लेव्हिन्सन यांचे अवशेष कुटुंबाला मिळालेले नाहीत.